कुलूपकाकू आणि खालचं हॉटेल

बंद पडलेल्या हॉटेलात शिरायची एक रीत असते. कुलूप निघालं की लगेच आत घुसायचं नाही. दार सताड उघडायचं, बाहेर पायरीवर बसून राहायचं आणि आतली शिळी हवा निघून जाऊ द्यायची. मग खिडक्या, मग मोऱ्या, आणि गाद्या सगळ्यात शेवटी; कारण गादीत कोण राहायला आलंय हे ती उचलल्याशिवाय कळत नाही आणि उचलल्यावर कळून काही उपयोग नसतो. कुलूपकाकू हे कुणाकडून शिकल्या नव्हत्या. चढावरच्या एकेका इमारतीचं कुलूप काढता काढता ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. गावाने त्यांचं खरं नाव विसरून हे नाव ठेवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

गाव गरम पाण्याच्या झऱ्याचं. झरा चढाच्या टोकाशी. तिथल्या दगडी टाक्यातून एकच जाड नळ रस्त्याच्या कडेने खाली उतरतो, दोन्ही बाजूंच्या हॉटेलांना वाटेत पाणी देत जातो आणि तळाशी, बसथांब्यासमोरच्या हॉटेलात संपतो. एके काळी या रस्त्यावर खोली मिळायला ओळख लागायची. गुडघे धरलेले म्हातारे, नुकतं लग्न झालेली जोडपी, डॉक्टरांनी हवापालटाला पिटाळलेले साहेबलोक, सगळे इथे येऊन मानेपर्यंत पाण्यात बसायचे आणि लालबुंद होऊन घरी जायचे. मग मोठा रस्ता डोंगरापलीकडून गेला. लोकांना समुद्र आवडायला लागला. जे थोडे येत राहिले त्यांना चढ चढायचा कंटाळा, त्यामुळे हॉटेलं वरून बंद पडत आली. तळाचं तेवढं टिकलं. त्याला सगळे खालचं हॉटेल म्हणत. ते कुलूपकाकूंचं सासर.

नवरा त्या घरातला धाकटा. थोरला भाऊ गल्ल्यावर, थोरली जाऊ सगळ्यांवर आणि धाकटा नळांवर, अशी त्या घरातली वाटणी होती. धाकट्याला नळांचं वेडच होतं. तो नळाला कान लावून बसायचा आणि बायकोला सांगायचा, "या पाण्याच्या पोटात दगड आहे. वाहतंय तोवर तो गुमान बसतो. पण हे पाणी कधी आगीवर चढवलं ना, की सगळा दगड बाहेर येईल." बायकोने त्यावर "बरं" म्हणायचं आणि त्याच्या ताटात वाढायचं. ती दोन-चार वर्षं बरी गेली.

मग एका हिवाळ्यात तो तापाने गेला. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

थोरले दीर सज्जन होते, म्हणजे घरात काहीही चाललं तरी ते वर्तमानपत्र खाली ठेवत नसत. जाऊने मायलेकींना घरच्या खोल्यांतून काढून मागच्या अंगणालगतच्या अडगळीच्या खोलीत टाकलं. वरच्या खोल्या पाहुण्यांना लागतात म्हणाली, आणि ते खरंही होतं. पाहुण्यांच्या चादरी धुवायचं काम धाकटीकडे आलं. चादरी गार पाण्यात. गरम पाणी अंघोळीचं, ते चादरींवर घालवायचं नाही. हेही एक वेळ ठीक. पण त्या खोलीच्या भिंतीवरून मोठा नळ जायचा, आणि आई अंगणात चादरी आपटत असली की पोरगी त्या नळाला पाठ लावून बसायची. तेवढीच ऊब. कधी बसल्या बसल्या झोपून जायची. जाऊने ते दोनदा पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सुतार बोलावून नळ पुरता झाकेल अशा फळ्या ठोकून घेतल्या.

"पोरीच्या पाठीने पाण्याची धग जाते," ती म्हणाली. "पाहुणे तक्रार करतात."

धाकटीने उलट उत्तर दिलं नाही. सुताराचं काम संपेपर्यंत उभी राहिली, दोन पिशव्या भरल्या, पोरीला कडेवर घेतलं आणि चढ चढायला लागली. दिरांनी तेवढ्यापुरतं पान उलटलं.

चढाच्या टोकाशी, झऱ्याच्या अगदी खाली, एका म्हाताऱ्या डॉक्टरचं हॉटेल बंद पडून होतं. डॉक्टर शहरात मुलाकडे राहायचा. त्याला राखणीला कुणीतरी हवंच होतं. धाकटी तिथे राहिली, झाडलोट केली, कौलं सारखी करून घेतली, आणि काही वर्षांनी डॉक्टर भेटीला आला तेव्हा त्याला घासलेल्या कपात चहा देऊन म्हणाली, "पडेपर्यंत वाट बघायची असेल तर बघा. नाहीतर मला चालवायला द्या."

"इथे येणार कोण, बाई?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त हो म्हणा."

तो हो म्हणाला. तिने निम्म्याच खोल्या उघडल्या, उरलेल्यांतलं सामान त्यांना वापरलं. एका पलंगाचे पाय दुसऱ्याला, एका खोलीचे पडदे दुसरीला. स्नानगृहाच्या हौदातली बुरशी तासून काढली आणि रस्त्यावरच्या नळातून हॉटेलात येणाऱ्या पाण्याचा कॉक, जो डॉक्टर गाव सोडून गेल्यापासून बंद होता, तो पाइपपान्याला लोंबकळून उघडला. पाणी आधी लाल आलं, मग करडं, मग नितळ. ती हौदाच्या काठावर बसून रडली, पण ते नवऱ्याच्या आठवणीने. त्यात अजून दुसरं काही नव्हतं.

दुसरं काही आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ती बाजाराला खाली उतरली होती. खालच्या हॉटेलच्या स्नानगृहाच्या काचा रस्त्यावरून दिसतात. वाफेने त्या कायम घामेजलेल्या, आतलं काही म्हणून दिसायचं नाही. त्या दिवशी काचा स्वच्छ होत्या. आत खुंटीवरचे टॉवेल दिसत होते, टॉवेलावरची पट्टी दिसत होती.

ती कांद्याची पिशवी घेऊन तिथे उभी राहिली. वरची सगळी हॉटेलं बंद, म्हणून इतकी वर्षं झऱ्याचं सगळं पाणी धावत खाली येत होतं आणि धावत येतं म्हणून वाटेत निवत नव्हतं. वर एकाने आपला वाटा घेतला तर खाली पाणी कमी जाणार, सावकाश जाणार आणि निवत जाणार. एका कॉकने टॉवेल दिसले. दोन-तीन आणखी उघडले तर?

त्या दिवशी कुलूपकाकूंना आपला धंदा सापडला.

दुसरं हॉटेल दोन भावांच्या भांडणात अडकलं होतं. काकूंनी एका भावाला जेवायला बोलावून दुसऱ्याची निंदा ऐकली, दुसऱ्याला बोलावून पहिल्याची, आणि शेवटी दोघांच्याही सह्या मिळवल्या. तिसऱ्याची मालकीण माणूसघाणी होती. तिच्या मांजरांसकट ते हॉटेल घेतलं. पाहुणेही हळूहळू यायला लागले. चढाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी काकूंनी बसथांब्यावर रिक्षा ठेवली, ती मुद्दाम खालच्या हॉटेलच्या दारासमोर उभी करायची. यात बेकायदा काही नव्हतं. झऱ्याच्या पाण्यावर प्रत्येक इमारतीचा हक्क होता, कॉक किती उघडायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. काकूंचे कॉक दिवसरात्र पूर्ण उघडे असत.

स्वयंपाकीणबाई एकदा म्हणाल्या, "काकू, पाहुणे मूठभर आणि पाणी अख्ख्या गावाचं. निम्मं तर गटारात चाललंय."

"बंद ठेवलं की नळात दगड धरतो."

"अर्धा बंद ठेवला तर?"

"तर अर्धा दगड. तुमच्या पोळीला लक्ष द्या, करपतेय."

पोळी करपत नव्हती.

गावाने त्यांचा सत्कार केला. हॉटेलमालक संघटनेच्या अध्यक्षांनी मरणाच्या दारातून गावाला मागे खेचणारी माऊली वगैरे म्हटलं. जाऊ मागच्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या, पण हातमोजे काढले नाहीत, त्यामुळे आवाज आला नाही. काकूंनी भाषणात सगळ्यांचे आभार मानले आणि सासरचे विशेष मानले. "जे काही शिकले ते त्याच घरात शिकले," त्या म्हणाल्या. लोकांना ते फार आवडलं.

मुलगी शहरात नोकरीला होती, ती सत्कारासाठी आली होती. घरी परतताना तिने विचारलं, "आई, तू वरची हॉटेलं उघडतेयस की खालचं बंद करतेयस?"

"दोन्ही एकाच किल्लीने होत असेल तर त्यात माझा काय दोष?"

"दोष नाही. छंद आहे तुझा."

"मग काय विणकाम करू? बायका म्हातारपणी काहीतरी करतातच."

मुलगी हसली. तिला त्या नळाचं काही आठवत नव्हतं. आठवत नाही हेसुद्धा काकू जाऊच्याच नावावर मांडून ठेवत.

त्यांना हवं होतं ते एवढंच. जाऊने चढ चढून यावं, दारात उभं राहावं आणि पाणी मागावं. कॉक थोडा बंद करतेस का, असं तोंडाने म्हणावं. काकूंचं उत्तर तयार होतं, एक नाही चार उत्तरं होती, आणि भांडी पुसताना त्या ती आळीपाळीने म्हणून बघत. जाऊला बसायला कोणती खुर्ची द्यायची तेही ठरलं होतं. बुटकी.

आला मात्र पुतण्या, जाऊचा मुलगा.

तो एव्हाना तिशीचा होता. दीर मागच्या वर्षी गेले होते, वर्तमानपत्रावर डोकं ठेवून, आणि हॉटेल पोराच्या गळ्यात पडलं होतं. सरळ पोर. दारातच चपला काढून म्हणाला, "काकू, आईला सांगितलेलं नाही मी इथे आलोय ते."

"बस. चहा घेशील?"

"घेतो." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "खाली पाणी कोमट झालंय, काकू. पाहुणे बसतात न बसतात आणि कुडकुडत उठतात. तुमचा काही दोष नाही, तुमच्या हक्काचंच घेता तुम्ही. मी बॉयलर बसवायचं म्हणतोय. झऱ्याचं पाणी येतं तसं घ्यायचं आणि बॉयलरमधून पुन्हा तापवून हौदात सोडायचं. कर्ज मिळतंय."

काकूंनी बशी खाली ठेवली.

"काका असते तर त्यांना विचारलं असतं," पुतण्या म्हणाला. "आईला पाण्यातलं काही कळत नाही. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. चालेल ना असं?"

त्या घरात कुणी कधी अंघोळीचं पाणी तापवलंच नव्हतं. पिढ्यान्पिढ्या ते आपलं आपण तापून यायचं. चहाला, स्वयंपाकाला विहिरीचं. झऱ्याचं पाणी आगीवर ठेवलं तर काय होतं हे बघायची वेळ त्या घरावर आलीच नव्हती. ज्याला ठाऊक होतं तो गेला होता, आणि त्याने ते एकाच माणसाला सांगून ठेवलं होतं.

साधं पाणी तापव रे, हे नको. एवढंच म्हणायचं होतं.

"मला यंत्रातलं काय कळतं?" काकू म्हणाल्या. "बॉयलरवाल्यांना विचार. नवीन निघालंय म्हणजे चांगलंच असेल."

"म्हणजे बसवू?"

"बसव की. आईला बरं वाटेल."

तो वाकून नमस्कार करून गेला. काकूंनी त्याचा कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला.

पहिला महिना खालच्या हॉटेलच्या काचा पुन्हा घामेजल्या. जाऊने रस्त्यावर पाटी लावली, वरच्या हॉटेलांपेक्षा गरम. काकूंनी येता जाता ती पाटी वाचली. मग पाण्याची धार बारीक झाली. बॉयलरवाल्यांनी येऊन नळ कापला तर आत बोट जाईना, भिंतीसारखा पांढरा थर. नवे नळ टाकले, ते पहिल्यापेक्षा लवकर भरले. भर हंगामात, हौदात पाहुणे बसलेले असताना बॉयलरने मोठा आवाज केला आणि कायमचा बसला. कुणाला इजा झाली नाही; पण अंगाला टॉवेल गुंडाळलेली माणसं रस्त्यावर पळत आली आणि ते सगळ्या बसथांब्याने पाहिलं. त्यानंतर खालच्या हॉटेलला पाहुणा मिळाला नाही. कर्ज होतंच. हिवाळ्याच्या तोंडाशी पुढचं दार लागलं.

अध्यक्ष काकूंकडे आले. "आता हेही तुम्हीच उघडा. तुमचंच घर आहे."

"बघू," काकू म्हणाल्या. "गुडघे दुखतात हल्ली."

पुतण्याची बायको माहेरी निघून गेली होती. पोटापाण्याचं काही बघा, मग येते, असं सांगून. पुतण्या चढ चढून पुन्हा आला आणि या वेळी चपला घालूनच दारात उभा राहिला. "काकू, काम आहे का काही? कसलंही."

काकूंनी त्याला नळांवर ठेवलं. मागच्या बाजूच्या दोन खोल्या दिल्या, ऊन येणाऱ्या. बायको आठवड्याभरात परत आली, ती स्वयंपाकीणबाईंच्या हाताखाली रुळली. पुतण्याला कामाची हौस होती. नळाला कान लावायचा. पहिल्यांदा तसं बघितलं तेव्हा काकू आत निघून गेल्या आणि बराच वेळ कपाट आवरत बसल्या. मग त्याच्या ताटात काकू स्वतःच वाढायला लागल्या. हा घे, तो घे, बारीक झालायस. पोरगा त्यांचा झाला, आणि त्यासाठी त्यांना काही करावंही लागलं नाही. खाली बंद हॉटेलात जाऊ एकटी राहायची. तो आठवड्यातून एकदा तिच्याकडे जायचा, मग काम वाढलं, मग पंधरवड्यातून. काम काकूच वाढवत.

आणि एके दुपारी जाऊ आली.

पुतण्या वर टाक्याशी नळ साफ करत होता. काकू पुढच्या टेबलाशी टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. दार ढकललं गेलं आणि जाऊ आत आली, धापा टाकत. शाल खांद्यावरून घसरलेली, केस चढाच्या वाऱ्याने विस्कटलेले. ती इतकी लहान कधी झाली हे काकूंच्या लक्षातच आलं नव्हतं.

"धाकटे," जाऊ म्हणाली, "बसू का?"

बुटकी खुर्ची कोपऱ्यात होती. जाऊ आपली आपणच जाऊन तिच्यावर बसली. काकूंनी घडी पूर्ण केली.

"चढ फार आहे," जाऊ म्हणाली.

"आहे."

"तू पोरीला कडेवर घेऊन चढली होतीस."

"हो."

जाऊने गुडघे चोळले. "बॉयलरचं तुला ठाऊक होतं. धाकट्या भावजींना ठाऊक होतं, म्हणजे तुलाही असणार. मला मागाहून सुचलं. पोराला मी बोलले नाही."

"का नाही बोललात?"

"तो तुझ्याकडे सुखी आहे," जाऊ म्हणाली. "जेवतो नीट. तेवढं कशाला नासवू."

काकूंनी दुसरा टॉवेल उचलला. भांडी पुसताना म्हणून बघितलेली चारही उत्तरं जिभेशी होती आणि एकही इथे लागू पडत नव्हतं, कारण पाण्याचं कुणी काही विचारतच नव्हतं.

"मग काय हवंय?"

"एक खोली दे मला इथे," जाऊ म्हणाली. "फुकट नको. माझ्या बांगड्या आहेत. मागची असली तरी चालेल, कसलीही. मी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. त्याचा आवाज ऐकू आला की झालं. खाली घर इतकं गप्प झालंय, धाकटे, की मी स्वतःशी मोठ्याने बोलते."

तिने ते गयावया करून म्हटलं नाही. भाजीचा भाव विचारावा तसं म्हटलं. काकूंना वाटलं होतं की ही वेळ येईल तेव्हा आत काहीतरी उसळून येईल, छाती मोकळी होईल. तसं झालं नाही. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं, एवढंच. समोर एक म्हातारी बाई होती, तिला एका गोष्टीची गरज होती आणि ती गोष्ट आपल्या हातात होती.

"खोल्या भरल्यात," काकू म्हणाल्या.

जाऊने वर बघितलं. टेबलामागच्या फळीवर किल्ल्या टांगलेल्या होत्या, जवळजवळ सगळ्याच. हंगाम संपला होता. तिने त्या फळीकडे बघून घेतलं, मग काकूंकडे. मान हलवली, जशी ती पूर्वी धोब्याचा भाव पटला की हलवायची, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

काकू तिला दारापर्यंत सोडायला गेल्या नाहीत. खिडकीतून मात्र बघत राहिल्या. जाऊ रस्त्याच्या कडेने, मोठ्या नळावर हात टेकत टेकत खाली गेली. तिसऱ्या हॉटेलपाशी थोडी थांबली, मग वळणावर दिसेनाशी झाली. रिक्षा बोलवायला हवी होती का, असं एकदा काकूंच्या मनात आलं. त्या परत टेबलाशी आल्या. टॉवेल उरले होते.

तासाभराने पुतण्या आला. हात कोपरापर्यंत पांढरे, कानाला नळाचा गोल वळ.

"काकू, वरून कुणी उतरताना दिसलं मघाशी. आई होती का?"

"नाही रे. कुणीतरी म्हातारी होती. खोली विचारत होती."

"मग?"

"जागा नाही म्हटलं."

पुतण्या हात पुसायला थांबला. त्याची नजर फळीवरच्या किल्ल्यांवर गेली आणि तिथेच राहिली. काकूंनी घडी घातलेला एक टॉवेल उलगडून त्याच्यापुढे धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "आणि हात नीट धू. जेवायला वाढते."

तो टॉवेल घेऊन उभाच होता. मग मोरीकडे गेला, आणि पाणी बराच वेळ नुसतं पडत राहिल्याचा आवाज आला. काकूंनी ताट घेतलं. स्वयंपाकीणबाई काही बोलायला लागल्या, तशी काकूंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि त्याला नेहमीपेक्षा जास्त वाढलं.